जुन्या येझदीचा सूर

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाला माझ्याकडून एखाद्या सत्याग्रहाचा इतिहास अपेक्षित असावा. मी मात्र मोटारसायकलविषयी लिहीत आहे.

माझी येझदी रोडकिंग नोकरीच्या आरंभीच्या काळात घेतलेली, तीही वापरलेली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याने 1978 मध्ये आणलेली ही गाडी त्या काळी वेगासाठी गाजली होती. 250 सीसी, टू-स्ट्रोक, सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. 1996 मध्ये कारखाना बंद पडला. गेल्या उन्हाळ्यात सांगोला-मिरज रस्त्यावर साध्या चढालाही ती धापा टाकू लागली, तेव्हा मी एका माजी विद्यार्थ्याच्या गॅरेजची वाट धरली. तो आमच्याच वसतिगृहात वाढलेला, दहावीत नापास होऊन बाहेर पडलेला.

जाताना मी अभ्यास करून गेलो होतो. टू-स्ट्रोक इंजिनाला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीतील खिडक्या, म्हणजे पोर्ट, पिस्टनच उघडतो आणि मिटतो. धूर बाहेर पडताना नळीत उठणारी दाबाची लाट योग्य क्षणी परतली, तर निसटू पाहणारे ताजे मिश्रण ती पुन्हा आत ढकलते. पूर्व जर्मनीच्या एमझेड कंपनीतील वॉल्टर काडेन यांनी ही लाट वश केली. 1961 मध्ये त्यांचा स्वार अर्न्स्ट डेग्नर देश सोडून गेला, ती विद्या सुझुकीकडे पोचली आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने 50 सीसीचे विश्वविजेतेपद मिळवले. हे सारे तोऱ्यात सांगून मी म्हणालो, "पोर्ट घासून मोठे कर."

तो सायलेन्सरच्या आतली नळी उपसत होता. तिची भोके काजळीने पार बुजली होती. ती मला दाखवत तो म्हणाला, "सर, लाट परत यायला आधी वाट मोकळी पाहिजे ना?"

दिवसभर मी स्टुलावर बसून होतो. एक्झॉस्ट पोर्टमधील काजळी त्याने सिलिंडरला ओरखडा न पाडता खरवडली. कार्ब्युरेटरचा जेट धुतला. प्लॅटिनम पॉइंटमधील फट 0.4 मिलिमीटरवर आणली. माझ्याकडे ती जवळजवळ दुप्पट झाली होती. नंतर गाडी जोरात पळवून, इंजिन एकदम बंद करून प्लग काढला. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी. आमचा चॉकलेटी निघाला.

माझा लोभ सुटला नव्हता. "पेट्रोल आणखी थोडे कमी केले तर?"

"मायलेज वाढेल, सर, पण इंजिन तापून पिस्टन जाम होईल. आणि पोर्ट वाढवले तर वरच्या वेगातच ओढेल. उसाच्या ट्रॉलीमागे हळू चालताना दम राहणार नाही." जरा थांबून म्हणाला, "तुम्हीच सांगितली होती ना सोणाची वीणा? तार फार ताणायची नाही, फार सैलही सोडायची नाही."

वंदनेच्या तासाला भगवान बुद्धांचा तो उपदेश मी दरवर्षी सांगतो. हा मुलगा तेव्हा खिडकीबाहेर, रस्त्यावरच्या गाड्यांकडे पाहत असे.

परतताना येझदी त्याच चढावर तिसऱ्या गिअरमध्ये गुणगुणत गेली. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयातील कपाट उघडून त्याच्या नववीच्या निकालाची नोंद काढली. 'आकलन कमी, लक्ष नाही' हा शेरा माझ्याच अक्षरात आहे.