फिश टँकचं नोझल आणि जिवाणी



मागच्या महिन्यात स्वाध्यायानंतर एका ताईंनी मला सरळच विचारलं, "तुमच्याकडे फिश टँक कसा काय? आपल्यात चालतं का हे?"

प्रश्न अगदी रास्त आहे. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण सगळ्यांनीच पाठ केले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. काचेच्या टाकीत मासा ठेवणं म्हणजे बंधच, त्यावर मी वाद घालत नाही. ही टाकी आम्ही आणलेली नाही. वरच्या मजल्यावरचे भाडेकरू एमआयडीसीत नोकरीला होते. त्यांची बदली झाली, तेव्हा जाताना ते दोन गोल्डफिशसकट टाकी आमच्याकडे ठेवून गेले. नवीन मासा आम्ही आणणार नाही, हे घरात पहिल्याच दिवशी ठरलं. पण आलेल्या दोन जिवांचं काय?

"सलीम अली सरोवरात सोडून द्या, अभयदानाचं पुण्य लागेल," असं काहींनी सुचवलं. हेतू चांगला, पण हे मासे पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी पाळून, निवडून तयार केलेले. गोल अंग, लांब झुबकेदार शेपटी आणि वर केशरी रंग. तलावात खंड्या किंवा बगळा त्यांना लांबूनच हेरणार. त्यातून वाचले, तर तळ उकरून पाणी गढूळ करतात आणि तिथल्या जलचरांना त्रास होतो. म्हणजे आपली सुटका होते, जिवांची होत नाही. गोल्डफिश नीट सांभाळले तर दहा वर्षं, त्याहूनही जास्त जगतात. तेव्हा मी मनाशी ठरवलं, बंध टळत नाही तर निदान बाकीचे चार तरी आपल्या हातून होऊ नयेत.

आणि नेमकं त्या टाकीचं नोझल तुटलं.

टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि पाणी एक फूट उंच. हिशोब केला तर साधारण 56 लिटर. मागच्या बाजूला एक कप्पा, त्यात स्पंज आणि छोटा पंप. पाणी स्पंजमधून गाळून येतं आणि पंप ते एका प्लॅस्टिकच्या नोझलमधून परत टाकीत सोडतो. हे नोझल चपटं, पंख्यासारखं असल्यामुळे पाणी पसरून पडायचं. प्लॅस्टिक जुनं होऊन कडक झालं, तडकलं आणि पुढचा भाग गळून पडला. आता उघड्या तोंडातून पाण्याची धार सरळ समोरच्या काचेवर आदळायला लागली.

पाणी स्वच्छ होतं, पंपही चालू होता. पण दोन्ही मासे एका कोपऱ्यात जाऊन बसले. बाहेर आले की धारेत ढकलले जायचे आणि पुन्हा शेपटी मारत कोपऱ्यात. खाणंही कमी झालं. आपल्या पाणचक्कीच्या हौदात उंचावरून पाणी पडतं, तिथेही मासे आहेत. पण हौद मोठा, माशाला पडत्या पाण्यापासून दूर जाता येतं. दोन फुटांच्या टाकीत जाणार कुठे? अतिभारारोपण म्हणजे बैलावर जास्त ओझं लादणं, एवढंच आपण लहानपणापासून ऐकलं. चोवीस तास धारेशी झगडायला लावणं हेही ओझंच की!

दुकानात गेले, तर नुसतं नोझल मिळेना, अख्खा फिल्टर नवा घ्या म्हणाले. चालता पंप टाकून देणं मनाला पटेना. पंपाच्या तोंडाचं माप घेतलं, बाहेरून 13 मिलिमीटर. आपल्या मराठवाड्यात ठिबकचा पाईप कुठेही मिळतो. 16 एमएमची लॅटरल आतून साधारण साडेतेरा भरते. फूटभर कोरा पाईप, एक एल्बो, टोकाची टोपी आणि भोकं पाडायचा पंच, एवढंच आणलं. शेतात वापरलेला पाईप मात्र घेऊ नका, त्यातून खतं आणि औषधं गेलेली असतात.

आता बी.कॉम.चा हिशोब. पंप तासाला 300 लिटर पाणी फेकतो, म्हणजे मिनिटाला 5 लिटर. तुटलेलं तोंड आतून 8 मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे 50 चौरस मिलिमीटर. 4 मिलिमीटरच्या भोकाचं क्षेत्रफळ त्याच्या चौथा हिस्सा, साडेबारा. अशी 20 भोकं पाडली की 250 होतात, म्हणजे पाचपट. पाणी तेवढंच, वाट पाचपट रुंद, तेव्हा वेग पाचवा हिस्सा. अर्ध्या अर्ध्या इंचावर एका ओळीत 20 भोकं पाडली आणि कडा बारीक पॉलिश पेपरने घासल्या, कारण माशाचे पर नाजूक असतात.

काम करताना आधी प्लग काढला, मगच पाण्यात हात घातला. मासे बाहेर काढले नाहीत, जाळीने त्यांच्या अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्यांचं रक्षण करतो. पाईपाचं टोक गरम पाण्यात मऊ करून एल्बोवर चढवलं, एल्बो पंपाच्या तोंडावर घट्ट बसवला आणि पाईप पाण्याच्या पृष्ठभागालगत आडवा ठेवला. भोकं किंचित वरच्या बाजूला केली. त्यामुळे पाण्यावर हलक्या लहरी उठतात आणि हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे फार गरजेचं, गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो.

त्याच वेळी स्पंजही धुतला, पण नळाखाली नाही. स्पंजमध्ये सूक्ष्म जीव वस्ती करतात आणि माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया तेच पचवतात. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात. म्हणून टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात स्पंज हलका पिळायचा.

हे करताना मला सासूबाईंची जिवाणी आठवली. विहिरीचं पाणी दुहेरी छन्न्याने गाळलं की छन्न्यातले जीव त्याच विहिरीत परत जायचे, दुसरीकडे नाही. एका पाण्यातले जीव दुसऱ्या पाण्यात जगत नाहीत, असं त्या सांगायच्या. आणि वरून ओतायचं नाही. बादलीच्या तळाला कडी असायची, बादली पाण्यापर्यंत अलगद सोडायची आणि मग उलटी करायची, म्हणजे जिवांना आघात होत नाही. पाणी गाळणं हे अर्धंच व्रत, उरलेलं अर्धं ते परत कसं सोडलं यात आहे. ही गोष्ट त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचली नव्हती, रोज करत होत्या.

नवा पाईप बसवून पंप चालू केला. तासाभराने एक मासा कोपऱ्यातून बाहेर आला, टाकीभर एक फेरी मारून गेला. संध्याकाळी दुसराही. दुसऱ्या दिवशी दोघांनी उकडून सोललेले मटार मागच्यासारखे खाल्ले.

मैत्रिणींनो, मासे पाळा असं मी कधीच म्हणणार नाही. पण नातवंडांच्या हट्टापायी टाकी घरात आलीच असेल, तर पाणी स्वच्छ दिसतंय एवढ्यावर समाधान मानू नका. मासे बसतात कुठे ते बघा. ते सारखे एकाच कोपऱ्यात दिसले, तर धार तपासा. आणि आठवड्यातून एकदा भोकं जुन्या टूथब्रशने साफ करा. निम्मी बुजली, तर उरलेल्यांतून पाणी पुन्हा जोरात येणार.