बटण दाबण्याआधी

मंडळी, पारावरच्या रमीत हातून चुकून पान पडलं, तर सोबती म्हणतात, "उचल बाबा, असू दे." मोबाईलमधली रमी असं म्हणत नाही.

तेरा पानांच्या या खेळात 'डिस्कार्ड' म्हणजे नको असलेलं पान टाकणं, आणि 'ड्रॉप' म्हणजे अख्खा डाव सोडणं. पहिलं पान उचलण्याआधी सोडला, तर सहसा 20 गुण अंगावर बसतात. नंतर सोडला, तर 40. आमच्या मामांच्या मोबाईलवर ही दोन्ही बटणं शेजारी-शेजारी, एकाच रंगाची, नावं इंग्रजीत. जन्मभर पत्ते पिसलेल्या माणसानं जुळत आलेला डाव 'ड्रॉप' दाबून घालवला. म्हणाले, "मला वाटलं, पान टाकायचं तेच हे."

यात मामांचा काय दोष? बटणं लांब ठेवायची, नाव मराठीत लिहायचं, "नक्की सोडायचा का?" असं विचारायचं. एवढं केलं तरी पुरे.

मामांचा खेळ बिनपैशांचा होता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्यानं बंदीच आली. पण त्याच मोबाईलवरून आपण खत-बियाण्यांचे पैसे देतो. तिथंही अर्थ कळल्यावाचून बटणाला बोट लावू नका. आणि ध्यानात ठेवा, यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही.