टेबलाचं भाडं

रविवार, रात्री अकरा. पनवेल.

पूल पार्लरमधून आत्ताच आलो, बोटांना खडूचा निळा रंग तसाच आहे. आज खेळ कमी, वाद जास्त. पूलमधला आजवरचा सर्वांत थोर कोण? पोरांचं उत्तर तयार: पंकज अडवाणी. जन्म पुण्याचा, म्हणजे आपलाच! अरे, पण त्याची जगज्जेतेपदं बिलियर्ड्स-स्नूकरची. तिथलं टेबल मोठं, पॉकेटं अरुंद. तसं तर पुण्यातच जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्येच बिलियर्ड्सचे हौशी विश्वविजेते झाले होते. त्यांचं नाव एकालाही माहीत नव्हतं, याचा जरा रागच आला.

माझं मत एफ्रेन रेयेसला. फिलिपिन्सचा हा गडी लहानपणी काकांच्या पूल हॉलमध्ये टेबलावरच झोपायचा. १९९६ मध्ये हाँगकाँगला अर्ल स्ट्रिकलंडशी तीन दिवस झुंजला आणि १२०-११७ असा जिंकला. स्ट्रिकलंडही तीनदा नाइन-बॉलचा जगज्जेता, मान्य. पण पांढरा बॉल अडकला, वाट बंद झाली, की खरा खेळाडू कळतो. तिथे रेयेसच.

हे सगळं ऐकवून मी आठ नंबरचा सोपा बॉल चुकवला. हरणाऱ्यानं टेबलाचं भाडं द्यायचं, असा आमचा नियम आहे. दिलं.