आयला, काय धूर आहे!

बेटाचं नाव आयला. खरंच! स्पेलिंग बघून आपण 'इस्ले' म्हणून मोकळे होतो, पण तिथली माणसं स्वच्छ 'आयला' म्हणतात. मराठी माणसाने तर दचकूनच ऐकावं असं नाव. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं हे बेट. लोकवस्ती जेमतेम तीन हजार आणि सिंगल माल्टच्या डिस्टिलरीज दहाएक.

ग्लासगोहून गाडीने केनाक्रेग आणि तिथून दोन-सव्वादोन तासांची फेरी. वारा पिसाळला की फेरी रद्द, तेव्हा परतीचं विमान त्याच दिवशीचं ठेवू नका. मेच्या अखेरीस इथे व्हिस्कीचा उत्सव असतो. त्या आठवड्यात खोली मिळणं म्हणजे गणपतीत कोकणकन्येचं कन्फर्म तिकीट!

पोर्ट एलन या गावापासून समुद्राकडेने एक पायवाट निघते. पाचेक किलोमीटरच्या या वाटेवर लॅफ्रॉइग, लागावूलिन आणि आर्डबेग ओळीने उभ्या. तीनही 1815-16च्या. मी ती चालतच केली आणि तुम्हीही तेच करा. टेस्टिंगनंतर स्टिअरिंग हातात घ्यायचा प्रश्नच येत नाही.

पहिल्यांदा नाकात शिरतो तो पीटचा धूर. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं साचलेल्या शेवाळ-गवताचा थर, कोळशाच्या अलीकडची पायरी. बेटावर झाडं कमी, म्हणून जळण हेच. मोड आलेली बार्ली या धुरावर वाळवतात आणि तो वास थेट बाटलीपर्यंत पोचतो. गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉनच्या 'बोल्ड'साठीही पीट आयलातूनच येतं, बरं का.

मग तीनही व्हिस्क्या सारख्याच लागत असतील? छे! लॅफ्रॉइगचा पहिला घोट म्हणजे टिंक्चर आयोडीन, दवाखान्याचा कॉरिडॉर आणि शेजारी कुणीतरी सुके बोंबील भाजतंय. आवडली तर जन्माची, नाही तर ग्लास मित्राकडे सरकवायचा. लागावूलिन भारदस्त. होळीची विझत आलेली राख आणि मागून मनुकांचा गोडवा. आर्डबेगमध्ये धूर सर्वांत जास्त, पण त्यावर लिंबू आणि मिरी. पावसात मरीन ड्राइव्हवर खाल्लेलं कणीस आठवा!

खरी गंमत बेटाच्या दुसऱ्या टोकाला कळते. तिथली कूल ईला आणि इकडची लागावूलिन, दोघींचा मालक एकच. दोघींची बार्ली पोर्ट एलनच्या एकाच माल्टिंगमधून येते, धुराचं प्रमाणही तेच. तरी कूल ईला हलकी, स्वच्छ, दूर कुठेतरी शेकोटी पेटल्यासारखी. हे कसं? उत्तर तांब्याच्या स्टिलमध्ये आहे. स्टिल म्हणजे अवाढव्य हंडा, वर लांब मान. लागावूलिनमध्ये तो जवळजवळ काठोकाठ भरतात. वाफेला तांब्याचा सहवास कमी मिळतो आणि जडपणा टिकतो. कूल ईलामध्ये हंडा बराच रिकामा ठेवतात. वाफ वर चढते, थंडावून पुन्हा खाली पडते, तांब्याला घासून घासून हलकी होते. शिवाय 'कट'चा फंडा आहेच. धारेतला मधला भाग ठेवायचा, पण तो किती वेळ? धुराचे घटक उशिरा येतात, त्यामुळे जो उशिरा थांबतो त्याची व्हिस्की जास्त धुरकट. 'आमच्या झऱ्याचं पाणीच वेगळं' ही गोष्ट टूरवर हमखास ऐकवतात. मला ती ब्रोशरपुरतीच पटली.

लॅफ्रॉइगमध्ये मला सगळ्यांत भावली ती बेसी विल्यमसनची कहाणी. 1934च्या उन्हाळ्यात ही ग्लासगोची ग्रॅज्युएट मुलगी टायपिस्टच्या टेम्पररी जॉबसाठी आली आणि राहिलीच. 1954मध्ये मालक इयान हंटर गेला, तो डिस्टिलरी तिच्या नावावर करून! अप्रायझलच्या सीझनमध्ये आठवावी अशी बाई.

याच लॅफ्रॉइगवर शेजाऱ्याचा डोळा होता. लागावूलिनच्या पीटर मॅकीकडे लॅफ्रॉइग विकण्याची एजन्सी होती, ती हातची गेली. पठ्ठ्याने चिडून 1908मध्ये स्वतःच्या आवारात 'माल्ट मिल' नावाची डिस्टिलरी काढली. स्टिल हुबेहूब लॅफ्रॉइगसारखे. पण लॅफ्रॉइगची व्हिस्की काही जमली नाही. वेगळीच निघाली. 1962मध्ये ती बंद पडली. केन लोचच्या 2012च्या 'द एंजल्स शेअर' सिनेमात सगळे ज्या पिंपाच्या मागे लागतात ते या माल्ट मिलचं. आज त्या इमारतीत लागावूलिनचं पाहुण्यांसाठीचं रिसेप्शन आहे. मी तिथेच कोट वाळत घातला होता.

ऐंशीच्या दशकात व्हिस्कीचा साठा मागणीपेक्षा फार झाला आणि डिस्टिलरीजना कुलुपं लागू लागली. 1981मध्ये आर्डबेग, 1983मध्ये पोर्ट एलन. एवढ्याशा बेटावर एक डिस्टिलरी बंद होणं म्हणजे आपल्याकडे गावातला कारखाना बंद पडणं. आर्डबेग 1997नंतर पुन्हा उभी राहिली. पोर्ट एलनच्या उरलेल्या पिंपांतली दारू मात्र दर वर्षी कमी होत गेली आणि बाटल्या आपल्या पगाराबाहेर गेल्या.

मार्च 2024मध्ये पोर्ट एलन पुन्हा सुरू झाली. जुन्या स्टिलच्या बरहुकूम प्रती करून बसवल्यात. काचेच्या भिंतीमागे चकचकीत तांबं, अगदी डिझायनर किचन. माझ्या मनात मात्र तीन मैलांवरची माल्ट मिल. तिथेही स्टिल हुबेहूबच होते ना? पण मॅकीला दुसऱ्याच्या घरची चव चोरायची होती, इथे स्वतःच्या घरची परत हवी आहे. माझं मत पोर्ट एलनच्या बाजूने. कायद्याने किमान तीन वर्षं ओकच्या पिंपात राहिल्याशिवाय तिला व्हिस्की म्हणताच येत नाही. आणि 1983पूर्वीच्या त्या बाटल्यांशी बरोबरी करायची तर आणखी वीस-पंचवीस वर्षं थांबायला लागणार. पिंपं भरून ठेवलीत, गोदामाला कुलूप आहे, बाहेर पाऊस चालू आहे.