कळफलकाची निवड

आमच्या तीर्थरूपांनी संस्कृत श्लोकांचे मराठी अर्थ लिहून ठेविलेल्या वह्या वसईच्या दमट हवेने जीर्ण झाल्या. त्या संगणकावर उतरवून ठेवण्याचे आम्ही योजिले. पण घरात संगणक एकच, तेव्हा मराठीसाठी कळांची मांडणी कोणती ठेवावी, याचा वाद उद्भवला.

मुलांचा पक्ष रोमन मांडणीचा. इंग्रजी अक्षरे दाबावीत, मराठी उमटते. नवे काही शिकावयास नको. सोय खरी, परंतु ‘न’ आणि ‘ण’ यांतील भेद तेथे इंग्रजीच्या लहानमोठ्या अक्षरांवर सोपवावा लागतो, आणि आमच्या नातवास ‘बाण’ लिहिण्यापूर्वी रोमन स्पेलिंग आठवावे लागते! हे आम्हांस रुचेना.

भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाण ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर डाव्या हाताशी, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताशी. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’. ‘ग-घ’, ‘त-थ’ यांचेही तसेच. ‘ल’च्याच कळेवर ‘ळ’. वर्णमाला मुखोद्गत असणाऱ्याचे निम्मे काम तेथेच झाले. रशियन शिकणाऱ्या परभाषीयांपुढेही असाच पेच असतो: रशियनांची स्वतःची मांडणी घ्यावी, की रोमन उच्चारांची?

आमच्या घरी निकाल लागला तो निराळ्याच कारणाने. इन्स्क्रिप्टमध्ये ‘क’ची कळ गुजराती लिपीतही तीच, आणि आमच्या धाकट्या सूनबाईंचे माहेर गुजराती. माहेरी पत्र लिहावयाचे तर त्यांना निराळी मांडणी शिकावी लागणार नव्हती. त्यांनी आमचा पक्ष घेतला आणि मुले गप्प बसली.

पहिल्या वहीची सतरा पाने झाली आहेत. ‘ज्ञ’ पाचाच्या कळेवर असतो, हे नातू अजून आम्हांस बजावीत असतो.