शेवटची पाच मिनिटे

क्रिकेटचा संघ हरला की नाक्यावरचा पानवालासुद्धा कारणे सांगतो. कॉलेजचा हॉकी संघ हरला, तर ते कोणाला कळतही नाही. कळते ते फक्त आमच्यासारख्या सात-आठ जणांना. आम्ही म्हणजे पुण्यातल्या एका कॉलेजचे जुने विद्यार्थी. दोघे शिक्षक, एक गॅरेजवाला, एक बेकरीवाला, एक बँकेत, बाकीचेही असेच पोटापाण्याला लागलेले. कॉलेज सुटून पंचवीस वर्षे होत आली. तरी संघाचा सामना असला की रविवारची झोप सोडून, थर्मासात चहा आणि पुड्यात खारी घेऊन आम्ही पिंपरीच्या नेहरूनगरचे मैदान गाठतो. घरचे म्हणतात, “निघाले पुन्हा हरायला!”

हा नाद लागला तो 1998 साली. त्या वर्षी बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने 32 वर्षांनी हॉकीचे सुवर्णपदक जिंकले आणि कर्णधार होता आपल्या खडकीचा धनराज पिल्ले. खडकीचा मुलगा तिथवर जातो, मग आपल्या कॉलेजचा का नाही, असे वाटण्याचे ते वय होते. आम्ही काही फार मोठे खेळाडू नव्हतो. आमच्यातले दोघे संघात होते, बाकीचे ओरडायला. पण ओरडणेही मनापासून असे.

हरण्याचे आम्हाला वाईट वाटते, पण राग येत नाही. समोरचा चांगला खेळला तर टाळी द्यावी, हे अब्बांनी शिकवलेले आहे. राग येतो तो दरवर्षी एकाच पद्धतीने हरण्याचा. आमची पोरे सुरुवातीला झकास खेळतात. पास नेमके, धावणे जोरात. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत पुढे असतात. मग शेवटची पाच मिनिटे येतात. पाय जड होतात, माणूस मोकळा सुटतो, पेनल्टी कॉर्नर जातो आणि गोल होतो. यंदाही तसेच झाले. दोन-शून्य पुढे असलेला संघ तीन-दोनने हरला. सामना संपल्यावर प्रशिक्षक म्हणाले, “नशिबात नव्हते.” तिथे मात्र आमचा सब्र संपला. बेकरीवाला तर म्हणाला, “मी यापुढे येणार नाही.” आणि पुढच्या सामन्याला तो खरेच आला नाही.

नशिबावर ढकलणे सोपे असते. देशाच्या संघाबाबतही लोक वर्षानुवर्षे हेच म्हणत होते. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध आपण एक-शून्य पुढे होतो. सामना संपता संपता बरोबरीचा गोल झाला आणि उपांत्य फेरी गेली. हॉस्टेलच्या टीव्हीसमोर त्या दिवशी कोणी जेवले नाही. 2014 च्या विश्वचषकात बेल्जियम आणि इंग्लंड, दोघांनीही आपल्याला अगदी अखेरच्या क्षणी हरवले. पुढे टोकियोत, 5 ऑगस्ट 2021 रोजी, कांस्यपदकाच्या सामन्यात आपण जर्मनीपुढे पाच-चार असे होतो. शेवटचे काही सेकंद उरले असताना जर्मनीला पेनल्टी कॉर्नर मिळाला. श्रीजेशने तो अडवला आणि 41 वर्षांनी ऑलिंपिक पदक घरी आले. या सात वर्षांत नशीब बदलले नव्हते. दमसास बदलला होता. साठाव्या मिनिटालाही पहिल्या मिनिटासारखे धावता यावे म्हणून त्या मुलांनी वर्षानुवर्षे घाम गाळला होता.

आमच्या कॉलेजच्या संघाचे दुखणेही असे उघड्यावर आहे. आजच्या हॉकीत सोळा जणांचा संघ असतो आणि सामना चालू असताना कितीही वेळा खेळाडू बदलता येतात. पुढच्या फळीतली पोरे सहा-सात मिनिटे जीव तोडून पळतात, बाहेर येऊन श्वास घेतात, पुन्हा आत जातात. आमच्या बाकावर यंदा दोघेच होते, त्यातला एक गोलकीपर. म्हणजे दहा पोरांनी जवळजवळ पूर्ण वेळ पळायचे. शिवाय सराव कॉलेजच्या मातीच्या मैदानावर, तेही क्रिकेटवाल्यांनी सोडलेल्या कोपऱ्यात. सामना मात्र टर्फवर. मातीवर चेंडू उड्या मारत येतो, टर्फवर सुसाट सरळ येतो. वाकून खेळावे लागते, मांड्या भरून येतात. 1976 साली माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा कृत्रिम मैदान आले, तेव्हा तोवर सात सुवर्णपदके मिळवलेला आपला देश सातव्या क्रमांकावर गेला होता. मग वर्षातून तीन-चार सकाळी टर्फ पाहणाऱ्या पोरांचे काय होणार?

बाकावर मुले का नाहीत, याचे उत्तर मैदानात सापडत नाही, घरात सापडते. आम्ही पोरांना विचारले. एकाच्या वडिलांनी स्टिक माळ्यावर टाकली, कारण परीक्षा जवळ आली होती. एक सकाळी दुकान उघडतो. एक सरावानंतर उपाशीच लेक्चरला बसतो, कारण डबा दुपारचा असतो. गोलकीपरचे पॅड इतके महाग, की फाटलेले शिवून वापरतात. या मुलांना “शेवटी का थकता?” असे विचारायला तोंड कुठे उरते? आणि कॉलेज म्हणते, निकाल येत नाहीत, मुलेही नाहीत, पुढच्या वर्षी संघ पाठवायचा की नाही ते बघू.

म्हणून आम्ही ठरवले आहे की आता नुसते ओरडायचे नाही. जुन्या विद्यार्थ्यांनी महिन्याला थोडे थोडे पैसे काढायचे. त्यातून आठवड्यातून एक तास टर्फ घ्यायचे आणि सरावानंतर प्रत्येकाला दोन अंडी, दोन केळी. अंडी-केळ्यांचे बेकरीवाल्याने अंगावर घेतले. माणूस रुसला होता, सुटला नव्हता! कॉलेजला आम्ही पत्र दिले आहे. त्यात गोड काही लिहिलेले नाही. मैदानाची वेळ, सरावाचे दिवस, सोळा मुलांची यादी, एवढेच मागितले आहे. पंचवीस वर्षे उन्हात बसलेल्याला एवढे मागण्याचा हक्क आहे, असे आम्हाला वाटते.

आणि सर्वांत अवघड काम, पोरांच्या अब्बा-अम्मींना भेटण्याचे. तीन घरी जाऊन आलो. एका घरी चहा मिळाला, होकार नाही. आम्ही त्यांना झफर इक्बाल यांचे सांगतो. अलीगढ विद्यापीठात इंजिनिअरिंग शिकता शिकता हॉकी खेळले, 1980 ला मॉस्कोत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात होते आणि 1984 ला लॉस एंजेलिसमध्ये भारताचे कर्णधार झाले. तालीम आणि खेळ एका घरात नांदू शकतात. प्रत्येक मुलगा ऑलिंपिकला जाणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण दम संपला असताना आणखी पाच मिनिटे टिकून राहायला शिकलेला मुलगा कोणत्याही धंद्या-नोकरीत उपयोगी पडतो.

वाचकहो, तुमच्या घरात दारामागे एखादी हॉकी स्टिक उभी असेल, तर परीक्षेच्या नावाखाली ती माळ्यावर टाकू नका. सकाळच्या सरावाआधी पोराच्या हातात काहीतरी खायला द्या. आणि जमले तर एखाद्या रविवारी सामना बघायला या. बसायला जागा भरपूर असते. खारी आमच्याकडे असतेच.