हरला तरी आपलाच

स्पेनमधील सेव्हिल शहराच्या 'रेआल बेतिस' या फुटबॉल संघाने १९३५ साली राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. पुढे घसरत घसरत १९४७ मध्ये तो तिसऱ्या श्रेणीत गेला आणि सात वर्षे तेथेच राहिला. त्याचे चाहते मात्र पांगले नाहीत. हिरवे-पांढरे झेंडे घेऊन ते परगावच्या सामन्यांनाही जात. 'हरला तरी बेतिस चिरायू होवो', हे त्यांचे ब्रीद. १९५४ साली संघ दुसऱ्या श्रेणीत परतला.

हे वाचले आणि जुनी गोष्ट आठवली. चिरंजीव शालान्त परीक्षेत नापास झाले, तेव्हा आठ दिवस मी त्यांच्याशी अवाक्षर बोललो नव्हतो. पुढच्या खेपेस ते उत्तीर्ण झाले आणि मी आळीभर पेढे वाटले. त्यांनी आपला पेढा मुकाट्याने आईच्या हातावर ठेवला. त्या आठ दिवसांत तीच एकटी त्यांच्या बाजूने उभी होती.